शेवटच्या खांबापुढं

गावात टीव्ही कधी आला, असं कुणी विचारलं की गावठाणातला माणूस पटकन साल सांगतो. वस्तीवरच्या माणसाला तसं सांगता येत नाही. एखादी वस्तू गावठाणात येते ते एक साल आणि तीच वस्तू मळ्यातल्या वस्तीवर पोचते ते दुसरं. मधी कधी पाच वर्षं जातात, कधी पंधरा.

सांगोला तालुक्यातल्या आमच्या गावाचं गावठाण दोन-अडीचशे घरांचं. बाकी निम्मं गाव वस्त्यांवर राहतं. वस्ती म्हणजे भावकीची तीन-चार घरं, एक विहीर, एक लिंब आणि गोठा. आमची वस्ती गावापासून दीड मैलावर, ओढ्याच्या पलीकडं. केबल गेली, सीडी आली, सीडी गेली, मोबाईल आला, हे शहरात लोकांनी खुर्चीवरनं न उठता पाहिलं. आमच्याकडं यातलं एकेक यायला रस्ता लागला, लाईट लागली आणि हातात चार पैसे लागले. वस्त्यांचा हा हिशोब कुठं लिहिलेला दिसत नाही, म्हणून मी तो मांडतोय.

मुंबईचं दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्या साली आमच्याकडं दुष्काळ होता. आमचे आई-वडील, चुलते, सगळे खडी फोडायला जात होते. मुंबईत टीव्ही लागला ही बातमीसुद्धा त्यांच्यापर्यंत आली नसावी. गावात पहिला टीव्ही आला तो ऐंशीच्या दशकात, ग्रामपंचायतीचा. लाकडी कपाटात कुलपात ठेवलेला, किल्ली शिपायाकडं. २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं आणि दर रविवारी सकाळी त्या कपाटापुढं गाव बसायला लागलं. रविवार म्हणजे सांगोल्याच्या बाजाराचा दिवस. बैल विकायला निघालेली माणसंसुद्धा मालिका संपल्यावर बाजाराची वाट धरायची.

गाव बसायचं म्हणजे पुढं पोरं, मागं बाप्ये, आणि भिंतीकडंला म्हाताऱ्या. सुनांनी चावडीसमोर बसायची रीत नव्हती. आईनं रामायण पाहिलं नाही, ऐकलं. आमचे थोरले चुलते, त्यांना सगळी वस्ती तात्या म्हणायची, ते पाहून यायचे आणि गोठ्यात धार काढता काढता मोठ्यानं सांगायचे. आई आणि काकी चुलीपाशी बसून ऐकायच्या. तात्यांच्या तोंडचा हनुमान पडद्यावरच्या हनुमानापेक्षा दांडगा होता, असं आई पुढं म्हणायची. पण ती दोन्हींची तुलना कशावरनं करत होती, हे तिलाच ठाऊक.

जत्रेला, गणपतीला वर्गणी काढून व्हिडिओ आणायचे. टीव्ही, व्हीसीआर, जनरेटर आणि तीन पिक्चरच्या कॅसेटी असा तो सगळा संच टेम्पोतनं यायचा आणि रात्रभर चालायचा. बायका यायच्या, पण अंधारात, पदर घेऊन, एका कडंला. कोणता पिक्चर लावायचा हे वर्गणी काढणारी पोरं ठरवायची.

मग केबल आली. १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास देशात परदेशी वाहिन्या दिसायला लागल्या, २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाला आणि शहराशहरांत गच्च्यांवर छत्र्या उगवल्या. सरकारनं केबलचा कायदा केला १९९५ साली. त्यानुसार केबल चालवणाऱ्यानं पोस्टात नोंदणी करायची. आमच्या गावात ही छत्री आली ती नव्वदचं दशक संपता संपता. मोटारी वाइंडिंग करणाऱ्या एका हुन्नरी पोरानं ती स्वतःच्या स्लॅबवर बसवली. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी आणि पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी सुरू झाल्यावर तर गावठाणात घरटी काळी तार गेली. रात्री तो पोरगा स्वतःच्या मशीनवर पिक्चरही लावायचा. गाव त्याला ‘लोकल’ म्हणायचं.

ती तार शाळेजवळच्या शेवटच्या खांबाला येऊन थांबली. तात्या एक दिवस त्याच्याकडं गेले. म्हणाले, “बाबा, आमच्याकडंबी ओढ की.”

त्यानं कागदावर आकडे मांडून दाखवले. “तात्या, दीड मैल वायर. एवढ्या लांब सिग्नल टिकत न्हाय, मधी ॲम्प्लिफायर बसवाय लागतंय. त्येला लाईट कुठनं देऊ? आन तुमची घरं चार. महिन्याला चारशे रुपय येणार. माझी वायर फिटायला धा वर्षं जातील.”

त्याचं खोटं नव्हतं. धंद्याचा हिशोबच तसा होता. जिथं घराला घर लागून आहे तिथं केबल परवडते. माणूस शेतात विखरून राहायला लागला की तीच तार तोट्याची होते. बौद्धवाड्याकडंही तार वळली नव्हती. तिथं घरं कमी नव्हती, खांबही होता. तरी पाळी शेवटीच आली. शेवटी तिथल्या पोरांनी पंढरपुरातनं वायर आणली आणि स्वतः जोडून घेतली. आम्हाला तेही जमण्यासारखं नव्हतं. मधी ओढा होता.

ज्यांच्या घरात तार गेली तेही फार दिवस सुखात राहिले नाहीत. त्याला दोन कारणं झाली.

पहिलं कारण लाईट. २००५ च्या पुढं भारनियमनानं खेड्यांचं कंबरडं मोडलं. दिवसाचे बारा-बारा तास लाईट नसायची. आता केबल चालायला एका वेळी तीन ठिकाणी लाईट लागते: छत्रीवाल्याच्या घरी, मधल्या ॲम्प्लिफायरला आणि आपल्या घरी. तिन्ही जुळून आलं तर मालिका दिसणार. आणि मालिकेची वेळ मुंबईत ठरलेली, तर लाईटची वेळ सबस्टेशनात. सातला मालिका आणि सातलाच लाईट जाणार. बायका तीन-तीन दिवसांचं कथानक एकमेकींना विचारून जुळवायच्या, तुटलेली माळ ओवावी तसं.

दुसरं कारण पैसा. केबलवाला दर महिन्याच्या पाच तारखेला दारात उभा. मास्तर, ग्रामसेवक, एसटीतला कंडक्टर यांना महिना असतो. शेतकऱ्याला महिना नसतो, हंगाम असतो. ज्वारीचे पैसे उन्हाळ्याच्या तोंडाला, डाळिंबाचे बहार निघाल्यावर. हातात नेमानं येणारा पैसा म्हणजे दुधाचा, तो दर दहा दिवसांनी. त्यातून पेंड वजा, उचल वजा. राहील त्यात मीठ-मिरची. अशा माणसाला महिन्याचे शंभर रुपये जड गेले, कारण तो टीव्ही बघो न बघो, लाईट असो नसो, शंभर द्यायचेच. पावसानं ओढ दिली की गावठाणातल्या कितीतरी घरांच्या तारा केबलवाला स्वतःच काढून नेत होता.

ही दोन्ही दुखणी ओळखली सीडीवाल्यानं. एसटी स्टँडजवळ ऑडिओ कॅसेटी भरून देणारं एक खोपट होतं. त्यानं २००३-०४ च्या सुमारास भिंतीला फळ्या मारल्या आणि सीड्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. एका पिक्चरला एका रात्रीचे दहा रुपये. ज्याच्याकडं प्लेअर नाही त्याला प्लेअर पन्नास रुपये, सोबत लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींचं भेंडोळं. ओळखीच्या माणसाला अनामत नाही. परगावच्या पाहुण्यानं हातातलं घड्याळ काढून ठेवायचं. एका शंभर पानी वहीत तो नाव लिहायचा, आणि वस्तीवरच्यांच्या नावापुढं वस्तीचं नावही. मला वाटतं, आमच्या वस्त्यांची नावं तलाठ्याच्या दप्तरानंतर लिहिली गेली ती त्याच वहीत.

सीडी वस्तीवर यायची दुधाबरोबर. सांजचं दूध डेअरीत घालायला जो जाईल त्यानं येताना सीडी आणायची, सकाळचं दूध घालायला जाताना परत द्यायची. सायकलीच्या हँडलला रिकामी किटली आणि शर्टाच्या आत पोटाशी सीडी. पावसात माणूस भिजला तरी सीडी कोरडी यायची. जी तार चार घरांसाठी दीड मैल येऊ शकली नाही, तिचं काम दुधाच्या सायकलीनं फुकटात केलं.

तिला लाईट लागायची एकाच ठिकाणी, आपल्या घरी. ती कधी येईल तेव्हा. आमची वस्ती शेतीपंपाच्या लाइनीवर, तिथं लाईट यायची बहुतेक रात्रीची. बाप्ये पाणी धरायला उठायचे, मोटार चालू करायचे आणि बायका टीव्ही लावायच्या. रात्री एक वाजता आमच्या वस्तीवर पिक्चर सुरू झालेला मी कितीदा पाहिलाय. बाहेर डाळिंबाला पाणी चाललंय, आत अलका कुबल रडतीय. मधीच लाईट गेली तर सीडी कुठं जात नव्हती. ती मशीनच्या पोटात तशीच राहायची. उद्या उरलेला बघायचा, भाडं दहा रुपये जास्त गेलं तरी मालिकेसारखा भाग हुकायचा नाही.

एका चकतीवर सव्वा तासाच्या आसपासचा पिक्चर मावायचा. त्यामुळं हिंदी पिक्चर दोन, कधी तीन चकत्यांचा. चकती बदलायची म्हणजे मध्यंतर. त्यात चहा व्हायचा, जनावरांना वैरण टाकून व्हायची. चकती अडकली, चित्राचे चौकोन व्हायला लागले की ती काढून बनियनला पुसायची. कुणी टूथपेस्ट लावून घासायचं. एवढं करूनही नाही चालली तर हिरोला त्या प्रसंगात काय झालं असेल यावर सगळी वस्ती चर्चा करायची.

पण सीडीनं घडवलेली खरी गोष्ट वेगळीच होती. आमच्या घरातल्या बायकांना ‘तुला काय बघायचंय’ असं पहिल्यांदा विचारलं गेलं ते सीडीमुळं. पंचायतीच्या टीव्हीची किल्ली शिपायाकडं, जत्रेतला पिक्चर पोरांच्या हातात, गावठाणातल्या केबलचा रिमोट मालकाच्या मांडीवर. सीडीचं तसं नव्हतं. धार काढायची आई, दूधबिलातले दहा रुपये बाजूला ठेवायची आई, म्हणून नाव सांगायचीही आईच. मी सायकलवर टांग टाकली की ती हाक मारून सांगायची:

“अलका कुबलचं कुठलंबी आण. पर ‘माहेरची साडी’ नगं. मागल्या बारीला बघून काकी दोन दिस जेवली न्हाय.”

आज्जीला ‘पंढरीची वारी’ लागायची. एकच पिक्चर तिनं सात-आठ वेळा मागवला. “आज्जी, दुसरा आणू का?” म्हटलं तर म्हणायची, “वारी काय येकदाच करत्यात व्हय?” गडीमाणसांना दादा कोंडके. ते मात्र आज्जी झोपल्यावर. शिवाय तमाशाच्या वगांच्या, भक्तिगीतांच्या आणि इंदुरीकर महाराजांच्या कीर्तनांच्या सीड्या फळीवर असायच्या. मालेगावच्या पोरांनी घरच्या घरी काढलेल्या पिक्चरची गोष्टही आम्ही त्याच दुकानात ऐकली. त्यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला होता. पिक्चर मुंबईतच निघतो असं नाही, मालेगावातही निघतो, हे ऐकून आमची पोरं हरखून गेली होती.

फळीवरचा सगळाच माल चोख नव्हता. थेटरात लपून काढलेल्या प्रती असायच्या. पडद्यावर हिरॉइन, आणि मधूनच कुणी तरी उठून बाहेर जाणाऱ्या प्रेक्षकाचं डोकं. तालुक्याला छापा पडला की आमचा सीडीवाला चार दिवस दुकान बंद ठेवून रानात जायचा. पुढं २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीनं अस्सल सीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. तीन रात्रींच्या भाड्यात सीडी घरचीच व्हायला लागली. मग फोर इन वन डीव्हीड्या आल्या, एका चकतीत चार पिक्चर. आपण म्हणतो भाड्याची दुकानं इंटरनेटनं मारली. आमच्या गावात इंटरनेट यायच्या आधीच त्याची वही पातळ झाली होती. सीडीचं दुकान स्वस्त सीडीनंच बसवलं.

त्याच सुमारास वस्त्यांवर ताटं आली. दूरदर्शननं डिसेंबर २००४ मध्ये फुकटातली डिश सेवा सुरू केली. एकदा ताट आणि डबा विकत घेतला की महिना काही नाही. एकदाच पैसे म्हणजे शेतकऱ्याच्या सोयीचं. बहार निघाला की घ्यायचं. २००८-०९ पर्यंत आमच्या चारी घरांवर ताटं झाली. गावठाण आणि वस्ती पहिल्यांदा एका रांगेत बसली.

गावठाणातली केबल तोवर कशीबशी जीव धरून होती. तिला शेवटचा धक्का बसला डिजिटलचा. सरकारनं टप्प्याटप्प्यानं साधी केबल बंद करत आणली; खेड्यांची मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०१७ वर येऊन ठेपली. त्याच्यापुढं टीव्हीला डबा लागणार, नाही तर पडदा काळा. आणि नेमकं त्याच काळात, ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं होतं. त्यांचं फुकट इंटरनेट चाललं तेही ३१ मार्च २०१७ पर्यंतच. म्हणजे एका हातानं केबलवाला डब्याचे पैसे मागतोय आणि दुसऱ्या हातात फुकटचा मोबाईल चालू आहे. शेतकऱ्यानं काय निवडलं असेल ते सांगायची गरज नाही. पुढं फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या निवडून घ्यायचा नियम आला. पहिल्या शंभर वाहिन्यांचे १३० रुपये, वर कर, आणि पैशाच्या वाहिन्या वेगळ्या. ते गणित समजून घ्यायच्या आधीच बऱ्याच घरांनी तारा उतरवल्या. त्या काळ्या तारांवर आता गावात धुणी वाळतात. तार मजबूत, गंजत नाही.

केबलवाला मात्र बुडाला नाही. तो आता फायबरचं इंटरनेट देतो. दोन वर्षांमागं तो स्वतः आमच्या वस्तीवर आला. म्हणाला, “वायफाय घ्या, वायर माझी, खांब माझं.” वीस वर्षांमागं जी तार तात्यांनी मागून मिळाली नव्हती, ती आता मागता दारात आली. तोवर लिंबाखाली चांगली रेंज येत होती. पोरांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मोबाईलनं काय दिलं ते नाकारण्यात अर्थ नाही. २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीत, दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा दाखवलं. चावडीपुढं बसायला न मिळालेली आई तेव्हा सत्तरीच्या पुढं होती. तिनं ते डिशवर घरात बसून, पाय पसरून पाहिलं. हुकलेला भाग नातवानं मोबाईलवर लावून दिला. तेहतीस वर्षांनी का होईना, तिला तिची जागा मिळाली. आमच्यासारख्याच बोलीत बोलणाऱ्या मालिकाही त्याच मोबाईलवर आल्या. सातारकडची ‘गावाकडच्या गोष्टी’, बारामतीची ‘चांडाळ चौकडीच्या करामती’. मुंबईच्या मालिकेतला शेतकरी इस्त्रीचं धोतर नेसतो. या मालिकांतला चिखलात उभा असतो. हे मोठं काम झालं.

गेलं काय तेही सांगायला पाहिजे. पूर्वी आमच्या वस्तीवर चार घरांत मिळून एक सीडी यायची आणि वीस माणसं ती बघायची. भांडण व्हायचं ते काय लावायचं यावर. आता भांडण होत नाही. जो तो आपापल्या कोपऱ्यात, कानात बोंडं घालून. काकीनं काय पाहिलं ते आईला माहीत नसतं. ती विचारतही नाही.

आणि आणखी एक गेलं, जे आम्हाला उशिरा कळलं. तात्या २०१४ साली वारले. त्यांचे फोटो आहेत, पण चालते-बोलते तात्या एकाच ठिकाणी होते: २००६ मधल्या चुलतबहिणीच्या लग्नाच्या सीडीत. त्या वेळी लग्नाच्या सीड्या सगळ्या वस्त्यांवर फिरायच्या, भाड्याचा प्लेअर आणून लोक दुसऱ्यांची लग्नंसुद्धा बघायचे. गेल्या वर्षी त्यांच्या नातवाला आजोबांचा आवाज ऐकायचा होता. घरात सीडी होती, दोन चकत्या, वर निळ्या शाईनं वधूवरांची नावं. पण प्लेअर कुणाकडंच नव्हता. सीडीवाल्याच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकतात. शेवटी तालुक्याला एका फोटो स्टुडिओत जुना कॉम्प्युटर सापडला. पहिली चकती चालली. दुसरीचं वरचं चंदेरी पापुद्र्यासारखं सुटलं होतं. ती नाही चालली. दुसरीत पंगती होत्या आणि पंगतीत तात्या बुंदी वाढत होते, एवढं आम्हाला आठवतं. पहिलीत ते मांडवाच्या दारात उभे राहून बँडवाल्यांना ओरडतात, “आरं हळू वाजवा, बैलं बुजत्याती!” एवढंच. मोजून दहा-अकरा सेकंद. ते आता पेनड्राइव्हमध्ये आहे, सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे, आणि पोरं ते रोज लावतात.

केबल होती तेव्हा काही राहत नव्हतं, ऑनलाइन आहे तेही आपल्या हातात राहतं असं नाही; कुठल्या तरी कंपनीनं काढलं की गेलं. चकती तेवढी घरात राहायची. म्हणून आम्ही तिला टाकाऊ समजलो. आमच्या भागात जुन्या सीड्या दोऱ्यानं बांधून ज्वारीत, डाळिंबाच्या बागेत टांगतात. उन्हात चमकतात, वाऱ्यावर फिरतात, पाखरं बसत नाहीत. युक्ती नामी आहे, मीही टांगल्यात. फक्त टांगायच्या आधी चकती उलटून बघावी, वर निळ्या शाईनं काही लिहिलंय का.